होन्मा साहेबांच्या रुंद स्की

कुच्चानच्या स्कीच्या डोंगरावर सव्वीस हिवाळे जखमींना खाली आणणाऱ्या तोकिए आओनुमाला राग चटकन यायचा आणि जायचा मात्र सावकाश. त्या शनिवारी सकाळी तर तळपायाची आग मस्तकात गेली. बचाव पथकाच्या खोलीत नव्याकोऱ्या स्कींच्या आठ जोड्या उभ्या होत्या, तळहाताहून रुंद, आणि पथकातल्या कुणाला कुणी विचारलंही नव्हतं.

"मी स्वतः चालवून पाहिल्यात, आओनुमा-सान," स्की-केंद्राचे नवे व्यवस्थापक होन्मा साहेब म्हणाले. "कमरेएवढ्या बर्फात काय मस्त तरंगतात! तुमच्या त्या जुन्या अरुंद स्की रुततात."

"रुततात, कबूल." खोटं तिला बोलता यायचंच नाही. "पण मागे जखमीची स्लेज लावून, कड्याच्या वाटेनं आणल्यात का?"

"स्लेज कशाला?"

म्हणे कशाला! कड्यावर वारा बर्फ झोडपून टणक करतो. तिथे स्कीच्या धारेनं पकड घेतली नाही, तर स्लेजमध्ये बांधलेला जखमी सरळ खालच्या ओढ्यात. म्हणूनच पथकाचा रिवाज होता: ज्यानं नवी स्की पसंत केली, त्यानंच पहिल्या फेरीला स्लेजमध्ये पडायचं.

"वर चला आणि झोपा," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय, तुमच्या आजोबांना बोलावू?"

पथकातल्यांनी हसू दाबत साहेबांना वर नेलं, स्लेजमध्ये झोपवलं आणि पट्टे आवळले.

तोकिएनं नव्या स्की चढवल्या आणि स्लेज मागे घेऊन निघाली. वरच्या झाडीतल्या भुसभुशीत बर्फात स्की झकास चालल्या, आणि त्याचाही तिला राग आला. कड्याच्या वाटेवर मात्र त्या आडव्या घसरू लागल्या. तिनं सगळा भार धारेवर टाकला, तरी स्लेज ओढ्याकडे वळलीच. कसंबसं तिनं भूर्जाचं एक खोड कवटाळलं, तेव्हा कुठे दोघं थांबली.

साहेब पांढरेफटक पडले होते. "जुन्या... जुन्या स्की मागवा. लगेच!"

"कुठून? काल तुम्हीच विकून टाकल्यात ना!" ती ओरडली. "दुपारी इथे कुणाचा पाय मोडला, तर त्याला मी कशावर आणू? बोला! आता का दातखीळ बसली?"



तिनं एका हातानं वॉकीटॉकी काढून त्यांच्या तोंडाशी धरला. "वरच्या सगळ्या लिफ्ट बंद करा म्हणून सांगा. तुमच्याच तोंडानं."

खाली लिफ्टसमोर तिकिटं काढलेल्यांची भली मोठी रांग लागली होती. साहेबांनी एकदा ओढ्याकडे पाहिलं आणि सांगितलं.