संक्रांतीचे बेसबॉलपटू

माझ्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावणारी मंडळी आमच्या घरात पुष्कळ आहेत. फक्त ती वीतभर उंचीची असून काचेच्या कपाटात राहतात.

त्यांना इथे अमेरिकेत बॉबलहेड म्हणतात. बेसबॉल खेळाडूची बाहुली. धड जेमतेम, डोकं भोपळ्याएवढं आणि मानेच्या जागी स्प्रिंग. ठरावीक सामन्यांना स्टेडियममध्ये लवकर येणाऱ्यांना ती फुकट वाटतात. आता ‘फुकट’ आणि ‘लवकर येणाऱ्यांना’ हे शब्द एका वाक्यात आले की आमच्या नोव्हाय गावातला मराठी इंजिनिअर घरी थांबेल का? (बेसबॉल मला कळत नाही. पण चौकात पुतळे उभारणाऱ्यांना तरी त्या थोर माणसाबद्दल कितीसं ठाऊक असतं?)

बाहुली माणशी एकच. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी बायको राजश्री, मुलगी इरा आणि बिर्याणीच्या आमिषानं पकडलेले तीन विद्यार्थी, अशी फौज घेऊन गेलो आणि एकाच खेळाडूच्या सहा बाहुल्या घेऊन परतलो.

“एकाच माणसाचे सहा?” राजश्री म्हणाली. “एक पडला तर बाकीचे खांदा देणार का?”

तिला दूरदृष्टी नव्हती. मला होती! ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या डगकडे एक दुर्मीळ पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा बाहुला, होता. कारखान्याच्या चुकीनं त्याचा हातमोजा भलत्याच हातात बसला होता. असा चुकलेला नग म्हणजे आम्हा संग्राहकांचा कोहिनूर. आणि डगला होती सहा नातवंडं, जी एकसारखं खेळणं मिळालं नाही तर एकमेकांना चावत. सौदा ठरला: माझे सहा, त्याचा एक. डग रविवारी सकाळी येणार होता. म्हणून शुक्रवारीच मी सहाही बाहुल्या एका खोक्यात भरून दाराजवळच्या कोटांच्या कपाटात ठेवल्या.

शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आई बर्फ बघायला म्हणून नागपूरहून आली होती. बर्फ दारातूनच बघून झाल्यावर तिनं हे हळदीकुंकू काढलं. मला बेसमेंटमध्ये पाठवण्यात आलं. वर बांगड्या, हशा, तिळगूळ. मग स्वयंपाकघरातून राजश्रीचा आवाज:

“आई, वाण खोक्यात आहे हं!”

वाणाचं खोकं गराजमध्ये होतं. त्यात स्टीलचे डबे होते. आईनं कोटांचं कपाट उघडलं.

बायका गेल्यावर मी वर आलो, तर आई रिकामं खोकं घडी करत होती.

“आई! यातल्या बाहुल्या?”

“लुटल्या की. बरोब्बर सहाच निघाल्या बघ, सहाजणींना.”

“अगं, ते बेसबॉलपटू होते!”

“मला काय माहीत? एकसारख्या वस्तू, खोकं भरून, दाराजवळ. वाण नाही तर काय वाटणार माणसाला? म्हटलं, इथे असंच देत असतील. तुमचं सगळंच निराळं.”

“आणि कुणी काही बोललं नाही?”

“वाणाला नावं ठेवतं का कुणी? सगळ्यांना कुंकू लावून दिलं मी. बाहुल्यांनासुद्धा.”

“मी परत मागून आणतो.”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू कुणाचं मंगळसूत्र ओढायला निघालो होतो. “सवाष्णीला दिलेलं वाण परत मागणार? या घराण्यात?”

राजश्रीनं गुपचूप फोन फिरवले. तीन बाहुल्या संध्याकाळीच जवळच्या ट्रॉय गावातल्या दुसऱ्या हळदीकुंकवात वाण म्हणून पुढे गेल्या होत्या. दोन, आल्या आल्या मुलांनी फोडल्या. उरली राजश्रीच्या मैत्रिणीकडची, नेहाकडची. मी इराला घेऊन तिकडे धावलो.

नेहाकडे माझा खेळाडू देव्हाऱ्यात होता! बाळकृष्णाच्या उजव्या हाताला, कपाळी कुंकू, खांद्यावर बॅट.

“आरतीला काय मस्त डोलतो रे!” नेहा म्हणाली. “सासूबाईंना व्हिडिओ पाठवला.”

खरं सांगणं शक्य नव्हतं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, “त्याचं रिकॉल आलंय. कंपनीनं सगळे परत मागवलेत. स्प्रिंग डिफेक्टिव्ह आहे.”

नोव्हायमध्ये निम्मी वस्ती मोटारींच्या धंद्यात. इथे ‘रिकॉल’ म्हटल्यावर माणूस पुढे विचारत नाही. नेहानं बाहुली चिमट्यात धरून माझ्या हातात दिली आणि मी तिला स्टीलचा डबा दिला.

“बाबा, यू जस्ट लाइड टू गॉड,” इरा गाडीत म्हणाली.

रविवारी डग आला. मी एकच बाहुली पुढे केली आणि माफी मागायला तोंड उघडलं. पण डग कपाळावरचा लाल ठिपका न्याहाळत होता.

“हा कारखान्यातून असा आलाय?”

“नाही. माझ्या आईनं हातानं लावलाय.”

“हातानं!” डगनं बाहुली उचलून डोळ्यांजवळ धरली. “म्हणजे जगात हा एकच?”

नातवंडं गेली उडत. त्यानं पिचर जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मी काचेच्या कपाटाचा मधला खण रिकामा करायला वळलो. मागून आईचा आवाज आला:

“अरे, त्याची बायको बाहेर गाडीत बसलीये! हळदीकुंकवाच्या दिवसांत सवाष्ण दारातून तशीच जाऊ देणार?”

मी खण पुसून वळेपर्यंत डगच्या बायकोच्या कपाळी कुंकू होतं, तोंडात तिळगूळ होता आणि हातात, आईनं टेबलावरून उचलून दिलेला, उलट्या मोज्याचा पिचर. तिनं आईला मिठी मारली. डग एकदा पिचरकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

“राहू दे,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“बाबा, आर यू क्रायिंग?” इरानं विचारलं.

सोमवारी डगनं ऑफिसभर सांगितलं की भारतीय माणूस आपली सर्वांत प्रिय वस्तू हसत हसत पाहुण्याला देऊन टाकतो. दोघांनी येऊन माझा हात हातात घेतला. मी डोळे मिटून नम्रपणे म्हणालो, “आमच्याकडे अनासक्ती लहानपणीच शिकवतात.” आणि जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये, गाडीची काच वर करून, येत्या हंगामात फुकट बाहुल्या कुठल्या सामन्यांना आहेत ते फोनवर शोधत बसलो.