गोवळकोंड्याची टाळी

सास्तूरच्या शिवगंगाबाईंनी नवऱ्याच्या, वीरप्पांच्या, बरोबरीनं उभा जन्म पिठाची गिरणी चालवली. त्या घरघरीत त्यांचे कान गेले. शेवटी शेवटी तर गिऱ्हाईक ज्वारी की गहू ते हातानंच दाखवायचं. गिरणी पुतण्याकडं सोपवून लातूरहून कानाचं मशीन आणलं, तेव्हा पहिले काही दिवस त्या नुसत्या ओट्यावर बसून ऐकत राहिल्या.

त्यातच हैदराबादेत नोकरी करणारी वीरप्पांची भाची वैष्णवी आली. गोवळकोंड्याच्या दरवाज्यात टाळी वाजवली की ती थेट डोंगरावरच्या बालेकिल्ल्यात ऐकू येते, असं ती बोलता बोलता म्हणाली. वरून सगळं शहर दिसतं, हेही तिनं सांगितलं. पण शिवगंगाबाई टाळीपाशीच अडकल्या.

ती टाळी ऐकायला जायचं त्यांनी काढलं, तेव्हा वीरप्पांनी आधी उडवून लावलं. गुडघे असे, गड कोण चढणार?

"तुमी कशाला चढताव?" बाई म्हणाल्या. "तुमी खाली ऱ्हावा, टाळी वाजवा. वर म्या जाते."

"आन् न्हाय आली ऐकू, तर?"

"मग आज हितंच बघू की."

संध्याकाळी बाई गच्चीवर चढल्या. वीरप्पा गल्लीच्या टोकाला गेले आणि टाळी वाजवली. नेमकी तेव्हाच एक मोटारसायकल गेली. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. शेजारच्या म्हाळसाबाईंनी चौकशी केली आणि प्रकार कळल्यावर गल्लीतल्या पोरांना दटावून गप्प बसवलं. वीरप्पांनी पुन्हा टाळी वाजवली. गच्चीवर बाईंचे दोन्ही हात वर गेले.

त्यानंतर वीरप्पांनाच दम निघेना. उमरग्याला जाऊन हैदराबादच्या गाडीची वेळ तेच विचारून आले. वैष्णवीनं मात्र फोनवर नवीच अडचण काढली. तिथं येणारा जाणारा प्रत्येकजण टाळी वाजवतो, मामांची कोणती हे मामीला कसं कळणार?

वीरप्पा विचारात पडले. मग त्यांनी दोन टाळ्या भरभर वाजवल्या आणि एक जरा थांबून. गिरणीत पीठ अडकलं की पत्र्यावर ते अशाच थापा मारायचे.

"ही वळखू येईल?"

"ही व्हय?" बाई हसल्या. "ही तर मशीन काढलं तरी कळंल."

निघायच्या दिवशी उमरग्याच्या स्टँडवर वीरप्पा शेजारच्या अनोळखी माणसाला सगळा बेत समजावून सांगत होते. गाडी लागली, तरी त्यांचं सांगणं संपेना. शेवटी बाईंनीच पिशवी उचलली आणि त्यांना हाताला धरून गाडीत चढवलं.