सातवा खवला

एम.एस्सी. झाल्यावर मला नोकरी लागली ती साप पकडायची. वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेचं ऑफिस वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात होतं, पण माझं काम कल्याण-डोंबिवलीच्या सोसायट्यांत. फोन आला की स्कूटी काढायची, साप बरणीत घालायचा, वहीत नोंद करायची आणि सोडून यायचं. आई शेजारणींना सांगायची, "सरकारी काम आहे." डोंबलाचं सरकारी!

साप सापडतो तिथून जवळच सोडायचा असतो. लांब नेला तर त्याला नवीन जागेतली बिळं ठाऊक नसतात, तो भटकतो, घरांत शिरतो. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. पण सेक्रेटरी गेटवर उभा राहून म्हणायचा, "मॅडम, एकदम लांब हां," आणि मागच्या झुडपात कोणी सोडूच द्यायचं नाही. पहिला महिनाभर मी भांडले. मग वैतागले आणि सगळे साप खडवलीला न्यायला लागले. स्टेशनपासून आत एक गाव, त्याच्या मागे माळ. जागा मीच निवडलेली.

जाता-येता तिथे एका घरी पाणी प्यायला थांबायचे. सून माझ्याच वयाची. ती बरणीत डोकावून खिदळायची, "आज कोणाला आणलंस गो?" सासू मात्र दर वेळी बजावायची, "इखारी नको आणू हां इकडं."

"नाही हो काकू, धामणी असतात," मी म्हणायचे. निम्म्या वेळा ते खरं असायचं.

वर मला संशोधन करायचं होतं ना! सोडण्याआधी सापाचं डोकं प्लॅस्टिकच्या नळीत अडकवून मी पोटाखालच्या एका खवल्याचा कोपरा कात्रीने कापायचे. प्रत्येकाचा खवला वेगळा, म्हणजे तोच साप परत मिळाला तर ओळखता येईल. त्यासाठी वहीत रकाना आखलेला, 'पुन्हा सापडला'. आठ महिने तो कोरा होता. एक तरी सापडू दे रे देवा, म्हणून मी खरोखर हात जोडायचे.

भात झोडून झालेलं तेव्हाची गोष्ट. सकाळी गावातून फोन आला. म्हशीसाठी पेंढा काढताना सुनेला साप चावलेला. तिला कल्याणच्या हॉस्पिटलात नेलंय, साप मारलाय, कसला आहे ते येऊन सांग.

ओट्यावर बादलीत घोणस होती. मी लगेच सुनेच्या नवऱ्याला फोन करून डॉक्टरांना सांगायला लावलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी काठीने साप उलटा केला आणि शेपटीकडून खवले मोजायला लागले. पाच, सहा. सातव्याचा डावा कोपरा कापलेला होता. जखम भरून आलेली, कट अगदी सरळ. डोंबिवलीच्या एका पार्किंगमधून मीच उचलून आणलेली घोणस.

"खरं सांग गो," काकू म्हणाल्या, "तुझ्यातली हाय का ही?"

सगळं आवार माझ्याकडे बघत होतं.

"नाही काकू. ही इथलीच."

आवाज कापलासुद्धा नाही माझा. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला सुनेची काळजी नव्हती, स्वतःची भीती होती. लोक मारतील, नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं.

तिच्या किडन्या बंद पडल्या. चौथ्या दिवशी ती गेली.

दहाव्यानंतर मी त्यांच्याकडे गेले, खरं सांगून टाकायचं म्हणूनच. दारात तिचा नवरा होता. मला बघून त्याचा चेहरा बदलला. "कशाला आलीस? तुमच्याच सापानं खाल्ली तिला!"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून काकू बाहेर आल्या आणि त्याच्यावरच ओरडल्या, "पोरीला काय बोलू नको! तिनं बघून सांगितलाय ना, इथलीच व्हती. ती कशाला खोटं बोलंल?"

मग त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, सून बसायची त्या पाटावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या समोर ठेवला. मी पाणी प्यायले आणि घरी आले.