अमेरिका, रशिया आणि सुनंदाची गिरणी

अमेरिकेच्या अध्यक्षांनी तोंड उघडलं आणि त्यातून रशियाचा आवाज आला.

मी पाटणच्या एका चौकात छत्री धरून उभी होते. डावीकडे एक मांडव, उजवीकडे दुसरा, मध्ये जेमतेम एसटी वळेल एवढा रस्ता. दोन्ही मांडवांत गणपती, दोन्ही गणपतींपुढे जिवंत देखावा, आणि दोन्ही देखाव्यांचा आवाज माझ्याच स्टुडिओत रेकॉर्ड झालेला. डावीकडे सुटातला अध्यक्ष बोट उगारून ओठ हलवत होता. पण उजवीकडच्या स्पीकरमधून रशियाचा प्रमुख असा गरजला की लोकांना वाटलं, अध्यक्षच विचारतोय, 'माझी माणसं मरत होती तेव्हा तुम्ही कुठे होता?' माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजींनी शेजारणीला विचारलं, "आगं, ह्यो नेमका कुणाच्या बाजूचा हाय?"



ज्यांनी जिवंत देखावा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. यात नट बोलत नाहीत, ट्रॅक बोलतो. संवाद, संगीत, घोड्यांच्या टापा, पाऊस, सगळं आधी रेकॉर्ड करायचं. मंडळाची पोरंपोरी त्या ट्रॅकवर ओठ हलवतात आणि हातवारे करतात. सांगलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. आषाढ लागला की मंडळं येऊ लागतात आणि गणपतीपर्यंत मला जेवायला फुरसत नसते. या धंद्यात एकच नियम आहे. विषय फोडायचा नाही. एका मंडळाचा विषय दुसऱ्याच्या कानावर गेला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही.

यंदा पाटणहून पहिले आले बाजीराव. सिमेंटचं दुकान, भरदार माणूस, चौकातल्या जुन्या मंडळाचे अध्यक्ष. मी म्हटलं, अफझलखान असेल. तर त्यांनी कॉलेजच्या प्राध्यापकांकडून लिहून घेतलेली संहिता काढली. दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिका व रशिया एकमेकांचे वैरी कसे झाले, हा विषय.

"टीव्हीवर रोज युद्ध चाललंय, ताई. ह्ये मुळात सुरू कुठनं झालं, ते लोकांना दावायचं," ते म्हणाले.

गोष्ट मोठी सरळ होती. जर्मनीला हरवायला अमेरिका, इंग्लंड आणि रशिया एकत्र आले. शत्रू पडला. मग रशियानं पोलंडमध्ये मोकळ्या निवडणुका घेऊ असा दिलेला शब्द मोडला, आपलीच माणसं गादीवर बसवली, शेजारचे देश एकेक करून पंखाखाली घेतले. शेवटी बर्लिनचे रस्ते अडवले, तेव्हा अमेरिकेनं विमानांतून पीठ आणि कोळसा पोचवला. बाजीरावांना ती विमानं खणखणीत हवी होती.

थोड्याच दिवसांनी दिनकरराव आले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, अंगानं सडसडीत, समोरच्या नव्या मंडळाचे अध्यक्ष. बरोबर त्यांची बायको सुनंदा. त्यांनी संहिता टेबलावर ठेवली आणि मी पाण्याचा घोट घेतला. तोच विषय! बाजीरावांनी कराडच्या ड्रेपरीवाल्याकडे, म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्यानं देणाऱ्याकडे, रशियाच्या प्रमुखाच्या झुपकेदार मिशा ठरवल्या होत्या, आणि ड्रेपरीवाल्यांचं तोंड काही आमच्यासारखं बंद नसतं. मिशांवरून दिनकररावांनी देखावा ओळखला आणि तोडीस तोड म्हणून तोच विषय उचलला.

पण त्यांची गोष्ट दुसऱ्या खुर्चीतून सांगितलेली होती. जर्मन फौज आमच्या छाताडावर, गावंच्या गावं जळतायत, आणि तुम्ही दुसरी आघाडी 'आज उघडतो, उद्या उघडतो' करत बसलात. अणुबाँब बनवलात तो दोस्तापासून लपवून. लढाई संपली तशी मदत तोडलीत आणि युरोपात पैसे वाटून माणसं आपलीशी करायला लागलात. मग आम्ही आमच्या वेशीवर आमची माणसं बसवली तर चुकलं कुठे?

वाचताना पहिली गोष्ट खरी वाटायची, आणि वाचताना दुसरीही. खरं सांगायचं तर दोन्हींत खोटं फारसं नव्हतं. जो तो आपल्याला सोयीचं तेवढं सांगत होता. पहिला प्रवेश तर दोन्हींत एकच होता. जर्मनीतल्या एका नदीकाठी अमेरिकेचा शिपाई आणि रशियाचा शिपाई भेटतात, हात मिळवतात, हसतात.

बाजीरावांचा विषय मी फोडला नाही. नियम म्हणजे नियम.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर एकदा दिनकरराव आत काचेपलीकडे संवाद ऐकत होते तेव्हा सुनंदा माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. चौकात तिची स्वतःची पिठाची गिरणी आहे. तिनं सांगितलं की बाजीराव तिचा थोरला भाऊ. आधी मंडळ एकच होतं. वरच्या पेठेचं मंडळ दरवर्षी तालुक्यात पहिलं यायचं. त्याला हरवायचं म्हणून हे मेहुणेदाजी दोघं रात्रंदिवस खपले, आणि एका वर्षी हरवलंसुद्धा. मग बक्षिसाची ढाल कोणाच्या दुकानात ठेवायची यावरून वाजलं, मंडळ फुटलं आणि चौकात दोन मांडव झाले.

"गौरीला माझ्या हातची पुरणपोळी खाल्ल्याबिगर दादा कवा ऱ्हायला न्हाई," ती म्हणाली. "मंडळ फुटल्यापासनं त्यानं उंबरा वलांडला न्हाई. समोर ऱ्हातो, ताई. रोज दिसतो."

आतून पहिल्या प्रवेशाचा आवाज आला. दोन शिपाई, नदी, हास्य. सुनंदा ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही तर आमच्याच घरातली गोष्ट हाय."

रशियाच्या प्रमुखाला दोघांनाही भारदस्त आवाज हवा होता, आणि तसा आवाज माझ्याकडे एकच, जयवंतचा. तो एसटीत कंडक्टर आहे. 'पुढं सरका' म्हणाला की गाडीच काय, फलाटसुद्धा सरकेल. दोन्ही कागद पाहून त्यानं विचारलं, "ताई, ह्यो माणूस चांगला का वाईट?"

"त्या कागदात वाईट, या कागदात चांगला."

"म्हंजे आमच्या सायबासारखा," असं म्हणून त्यानं दोन्ही अगदी मनापासून रंगवले.

आमच्याकडे बहुतेक देखावे गौरी गेल्यावर उघडतात. पण आधी कोण उघडतो या चढाओढीत या दोघांनी गौरी यायच्या आधीच एकाच संध्याकाळी पडदे सरकवले. त्याचं काय झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

मी पाटणमध्येच मुक्काम केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजीरावांचा फोन आला. आवाज वाढवून द्या म्हणाले. मी समजावलं की ट्रॅकमध्ये आवाज ठरलेला असतो, मोठा होतो तो स्पीकरनं. हे मी बोलायला नको होतं. दुपारी त्यांनी कराडहून दोन टॉप आणले. टॉप म्हणजे वर टांगायचे मोठे स्पीकर. ते पाहून दिनकररावांनी चार आणले.

मी दिनकररावांना थोपवायला गेले तर ते म्हणाले, "मला भांडायचं न्हाई, ताई. पण त्यानं आणल्यावर आमी काय कानात बोटं घालून बसायचं?" बाजीरावांकडे गेले तर तेही तेच म्हणाले, जवळजवळ त्याच शब्दांत. हेच संवाद मी आठ-पंधरा दिवसांपूर्वी रेकॉर्ड केले होते. तेव्हा ते अमेरिका आणि रशिया म्हणत होते, एवढाच काय तो फरक.

त्या संध्याकाळी गिरणीच्या पत्र्यावरचं पीठ थरथरून खाली आलं. समोरच्या दवाखान्यातल्या बाईंनी तक्रार केली. पोलीस निरीक्षक बाई आल्या, दोन्ही अध्यक्षांना रस्त्याच्या मधोमध उभं केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्या कुणा एकाचाही आवाज मर्यादेबाहेर गेला, तर दोन्ही पडदे बंद. कुणी सुरू केलं, हे मी विचारणार नाही."

सगळे पांगले. सुनंदा गिरणीच्या पायरीवर बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. "एकमेकांपायी देखावं बंद पडलं ना ताई, तर ह्या जन्मी त्यो माझ्या दारात येत न्हाई," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. माझं काम मी चोख केलं होतं, पण ऐकणाऱ्याला एक अक्षर कळत नसेल तर चोख काम घेऊन काय लोणचं घालायचंय?

उपाय अवघड नव्हता. दोन्हीकडच्या वायरी एकाच मिक्सरला जोडायच्या. मिक्सर म्हणजे ज्यावर आवाजाच्या पट्ट्या वरखाली सरकवतात ते यंत्र. आधी डावा देखावा चालेल, मग उजवा. लोक एकाच जागी उभे राहतील, फक्त मान वळवतील. पहिला प्रवेश दोघांचा एकच आहे, तो एकदाच वाजवायचा. मी त्याच रात्री दोघांना गिरणीपुढे बोलावून हे मांडलं आणि दोघांनाही पटलं. मग बाजीरावांनी विचारलं, मिक्सर कुठे ठेवणार?

"आमच्या मांडवात ठेवा," दिनकरराव म्हणाले.

"म्हंजे माझा गळा दाजींच्या हातात?"

देवळात ठेवावा, तर पुजारी जुन्या मंडळाचे. शाळेत ठेवावा, तर हेडमास्तर नव्या मंडळाचे. पोलीस चौकीपर्यंत माझी वायर पुरेना. पोलंड कुणाचा, यावर त्या तीन देशांचं एवढं डोकं फिरलं नसेल. शेवटी पायरीवरून सुनंदा म्हणाली, "माझ्या गिरणीत ठेवा. दोन्हीकडनं सारखीच लांब हाय."

"गिरणी दाजींची," बाजीराव म्हणाले.

"गिरणी माझी हाय, दादा. पट्टा कवा वढायचा, ह्ये मी यांनासुदिक इचारत न्हाई."

दिनकररावांनी मान खाली घातली, म्हणजे ते खरं असणार. बाजीरावांनी अट घातली की ते स्वतः आत बसून पट्टीवर लक्ष ठेवणार. लगेच दिनकरराव म्हणाले, मग मीही बसणार. सुनंदा म्हणाली, "बसा की. स्टुलं हायती."

दुसऱ्या दिवशी गौरी जेवणार होत्या. दुपारी मी सुनंदाला पट्ट्या शिकवल्या. वर सरकवली की मोठा, खाली आणली की बारीक. ती म्हणाली, जाडं-बारीक दळण लावतो तसंच हाय की. माझ्या हाताखाली कॉलेज शिकलेली मुलं येतात, त्यांना हे समजायला महिना लागतो.

संध्याकाळी जुन्या मंडळाचा अमेरिकन शिपाई डावीकडून उतरला, नव्या मंडळाचा रशियन शिपाई उजवीकडून, आणि चौकाच्या मधोमध दोघांनी हात मिळवले. एरवी दोघं एका कबड्डी संघातले. टाळ्या पडल्या. मग डावीकडे उजेड झाला आणि अमेरिकेनं आपली बाजू मांडली. चौकात शब्दन् शब्द ऐकू आला.

गिरणीत दोन स्टुलांवर दोन अध्यक्ष, मध्ये सुनंदा. दोघांचेही डोळे तिच्या बोटांवर. विमानं आली तेव्हा बाजीराव कुरकुरले की आवाज कमी पडतोय.

"दादा, विमान पीठ द्यायला आलंय. घरं पाडायला न्हाई," सुनंदा म्हणाली आणि पट्टी होती तिथेच ठेवली.

अमेरिका संपली. आता उजवीकडे रशिया सुरू व्हायचा. त्याऐवजी सुनंदानं दोन्ही पट्ट्या तळाशी आणल्या, मागच्या दारानं घरात गेली आणि दोन ताटं घेऊन आली. पुरणपोळी, कटाची आमटी, तुपाची वाटी. एक ताट नवऱ्यापुढे ठेवलं, एक भावापुढे. बाहेर भरलेला चौक रशियाची वाट बघत होता.

बाजीरावांनी ताटावरून नजर पट्ट्यांकडे नेली. मग म्हणाले, "पुढचा खेळ कवा सुरू करायचा?"

"तू जेवल्यावर."

"आन् न्हाई जेवलो तर?"

"तर दोन्ही मांडव मुकं."

बाहेरून कुणीतरी शिट्टी मारली. बाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायरी तपासायला लागले, त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. मग दिनकररावांनी आपल्या ताटातली तुपाची वाटी उचलली आणि मेहुण्याच्या पोळीवर रिकामी केली. "घ्या पाव्हणं. लोक खोळंबल्यात," ते म्हणाले.

बाजीरावांनी घास मोडला. खाली मान घालून पोळी संपवली आणि म्हणाले, "सुने, येलची कमी पडली."

"दोन वर्सांची हाय ती. तुझ्यासाठी डब्यात ठिवली हुती, वास गेला तिचा."

मला भरून आलं, हे कबूल करायला लाज कसली? सुनंदानं पदरानं डोळे पुसले आणि त्याच हातानं उजवी पट्टी वर सरकवली. जयवंतचा आवाज चौकात घुमला. 'माझी माणसं मरत होती तेव्हा तुम्ही कुठे होता?' बाजीराव तो देखावा पहिल्यांदाच धड ऐकत होते. शेवटी पुटपुटले, "ह्येबी खरंच की."

निकाल सांगते. पहिला नंबर वरच्या पेठेला गेला, साध्या हलत्या गरुडाच्या देखाव्याला. आमच्या चौकाला दुसरा, विभागून. त्या संध्याकाळी मेहुणेदाजी गिरणीच्या पायरीवर एकत्र बसून परीक्षकांचा उद्धार करत होते आणि पुढच्या वर्षी वरच्या पेठेची कशी जिरवायची याचे बेत आखत होते. ढाल एकच मिळाली. ती गिरणीत आहे, तिच्यावर पीठ बसतं, सुनंदा आठवड्यानं पुसते.

मी मात्र शहाणी झाले. हल्ली नवं मंडळ आलं की मी विषय विचारत नाही. तो त्यांनी सावकाश सांगावा. मी आधी विचारते, तुमच्या समोर कुणाचा मांडव आहे? आणि दोन्ही मांडवांच्या मध्ये गिरणी कुणाची आहे?