तीस चेहरे आणि खाकी कागद

खरं तर हे मी कोणाला सांगणार नव्हते. पण आता चहा हातात आलाच आहे, तर ऐका. आणि कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हसताना एकीने सोफ्यावर सांडला.

लग्न होऊन अमेरिकेत सनीव्हेलला आले, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. नवरा, निखिल, सकाळी कंपनीच्या शटल बसने जायचा. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून मी लायब्ररीत व्हॉलंटियर झाले. तिथल्या मुलांच्या विभागाच्या प्रमुख डोरीनबाई. साठीच्या, ब्लॅक, चांदीसारखे केस. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कॉल मी डोरीन."

आता आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक कशी मारायची? मी तोडगा काढला. हाकच मारायची नाही! आणि हाक नाही, म्हणजे काही विचारायचंही नाही. तसंही 'मुलगी शांत आहे हो' हे माझं स्थळ बघताना कौतुकाने सांगितलं गेलं होतं.

एके दिवशी त्यांनी माझ्यापुढे दोन खोकी ठेवली. ब्लॅक लेखकांची, ब्लॅक चित्रकारांनी सजवलेली, लहान मुलांची आणि टीनएजर्सची तीस कोरी पुस्तकं. "घरी ने, वाच. प्रत्येकासाठी दोन ओळींची शिफारस लिही. शनिवारी सकाळी टेबलावर मांड. दहाला एक चित्रकार येणारेत. किती वर्षं मागतेय मी हे टेबल, तुला कल्पना नाही."

मला खरंच नव्हती.

दोन आठवडे मी नुसती वाचत सुटले. रविवारी आजीसमोर केस विंचरून घ्यायला बसणारी छोटी. पाण्याला घाबरणारा, पण ते भावाला कळू न देणारा मुलगा. गॅरेजमध्ये रेडिओ जुळवणारी सोळा वर्षांची पोरगी. तिच्यापायी तर माझी आमटी दोनदा करपली. शिफारशी झरझर लिहून झाल्या.

आणि मग माझे हात शिवशिवायला लागले. कोरी पुस्तकं, शेकडो मुलांचे चिकट हात, आणि वर कव्हर नाही? तसं लायब्ररीचं पारदर्शक प्लास्टिक होतं. पण प्लास्टिक म्हणजे का कव्हर? कव्हर म्हणजे खाकी कागद! जून महिना, शाळेची नवी पुस्तकं, पांढरं लेबल. तुमचंही बालपण असंच गेलंय, उगाच मान हलवू नका.

किराण्याच्या खाकी पिशव्या घरात ढिगाने होत्या. शुक्रवारी संध्याकाळी निखिल पट्टी घेऊन कापायला बसला. तिकडे नागपूरला शनिवार उजाडला होता. सासूबाई, म्हणजे निवृत्त शिक्षिका, व्हिडिओ कॉलवर.

"कोपरे आत दुमड गं! वरून चिकटवू नकोस."

"हो आई."

"निखिल, वाकडं कापलंस."

"आई, मी चिप डिझाइन करतो!"

"मग चिपला घाल तसलं कव्हर."

तीस कव्हरं झाली. प्रत्येकावर लेबल, आणि लेबलावर माझी शिफारस. मी इतकी खूश, की मांडलेल्या पुस्तकांचा फोटो सासूबाईंना पाठवला.

शनिवारी ते टेबल पोस्टाच्या पार्सल खिडकीसारखं दिसत होतं. एका बाबाने विचारलं, "सरप्राइज आहे का?" मी हसून मान हलवली. बघता बघता सगळीकडे पसरलं, सरप्राइज आहे, सरप्राइज आहे! मी आपली मान हलवतेय.

मग चित्रकार ग्लोरियाबाई आल्या. मुलांना गोल बसवलं आणि म्हणाल्या, "मी चेहरे काढते. टेबलावर माझी मुलगी लपलीय. केसांत पिवळी फुलं. शोधा!"

पोरं धावली. आणि थबकली. खाकी, खाकी, खाकी.

वेण्यांत मणी ओवलेली एक सहा-सात वर्षांची मुलगी आजीकडे वळली. "ग्रॅण्डमा, तू म्हणालीस माझ्यासारखी दिसणारी आहे. कुठेय?"

त्याच क्षणी डोरीनबाई आत आल्या. टेबल बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो! हळूच म्हणाल्या, "मी हिच्याएवढी होते, तेव्हा आमच्या लायब्ररीत एकाही कव्हरवर माझ्यासारखा चेहरा नव्हता. तीस चेहरे एकदम मुलांकडे बघताना दिसावेत, म्हणून मागितलं होतं हे टेबल."

लग्नात मी स्वतः डोक्यावर पदर घेतला नव्हता. तो या तीस जणांना घातला, तोही हनुवटीपर्यंत!

वाटलं, त्या खोक्यात शिरावं. पण ती मुलगी अजून शोधतच होती. आणि कुठल्या कागदामागे कोण आहे, हे त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक होतं.

"डोरीन!" मी म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "पुस्तकं मळू नयेत म्हणून… आमच्याकडे असं… सॉरी. तुम्हाला विचारायला हवं होतं."

फुलांवाली मुलगी डावीकडून तिसरी. कव्हर ओढलं, तर निघेना! नागपूरची देखरेख होती ना. शेवटी टर्रकन फाडलं. मण्यांवाल्या मुलीने आधी चित्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या वेणीला हात लावला. पुस्तक छातीशी धरून आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

मग एकेक कागद फाडत मी सांगत सुटले. हा पाण्याला घाबरणारा, ही रेडिओवाली, हिने माझी आमटी करपवली. शांत मुलगी तासभर बोलत होती! डोरीन मागे उभ्या राहून हसल्या तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

एकच पुस्तक झाकलेलं उरलं. ग्लोरियाबाईंचंच आणखी एक. "थांब," त्या म्हणाल्या, "कागद छान आहे. तुझ्या चेहऱ्याला वेगळा रंग भरायला नको." आणि पाच मिनिटांत त्या खाकी कव्हरवर त्यांनी मला काढलं: टिकली, हातात कात्री, दातांत चिकटपट्टी. "लायब्ररीला मी माझी प्रत देते. ही तू ने."

संध्याकाळी निखिलला सगळं सांगितलं आणि पुस्तक दाखवलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं.

"चित्र कुठेय?"

"आत आहे," मी म्हणाले. "मळू नये म्हणून वरून आणखी एक खाकी कव्हर घातलंय."