सुभद्राताईंचा घाईचा शिक्का

माझ्या जाऊबाई, सुभद्राताई, टेलिफोन खात्यात सुपरवायझर. नागपूर सोडून लखनौला येऊन वीस वर्षं झाली, पण कागद दिसला की हात शिक्क्याकडे, ही खोड काही सुटली नाही. शहाण्णव साली आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यासाठी नागरिकांची समिती नेमली आणि ताईंना सचिव केलं. मी म्हटलं, "झालं! आता घरात चहासुद्धा अर्ज केल्यावर मिळणार."

समितीचं काम सरळ होतं. लोकांनी पोलिसांविरुद्ध तक्रार आणायची, समितीने ऐकायची. अध्यक्ष एक म्हातारे वकीलसाहेब. दर रविवारी सकाळी निशातगंजच्या एका शाळेत बैठक. मीही जायचे, समोशांसाठी. खोटं कशाला बोलू?

एका रविवारी जयसिंग नावाचा शिपाई आला. साध्या कपड्यात, तोंड एवढंसं झालेलं. ताईंनी त्याचा अर्ज घेतला, धाडकन शिक्का मारला, रजिस्टरात नंबर टाकला, आणि मग वाचला. वाचून जीभच चावली.

निशातगंजच्या नाक्यावरची ड्यूटी सोडून गेला म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्याला निलंबित केलं होतं. गुरुवारी विभागीय चौकशी, आणि नोकरी जाणार हे जवळपास ठरलेलं. तो म्हणत होता, उन्हात चक्कर येऊन पडलेल्या एका आजीला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. पण आजीचं नाव-गाव विचारायचं राहिलं, आणि साहेब विश्वास ठेवेनात.

वकीलसाहेब उखडले. "सुभद्राजी, यह पुलिस का अंदरूनी मामला है! हमारा अधिकार ही नहीं! लौटाइए इसे।"

"नंबर पड़ गया, साहब," ताई म्हणाल्या. "अब लिखित जवाब देना पड़ेगा।"

वकीलसाहेबांचं खरंच होतं म्हणा. पोलिसांची आपापसातली भांडणं आम्ही सोडवत बसलो, तर लोकांनी कुठं जायचं? पण त्या पोराकडे बघून मी हातातला समोसा परत बशीत ठेवला.

ताईंनी जवाबासाठी दोन दिवस मागून घेतले आणि सगळ्या फायली घरी आणल्या. जमिनीवर पसारा! पायल, त्यांची लेक, करवादली, "मम्मी, संडे है यार!" मीही सुनावलं, "कामाला काम लावून घ्यायची हौसच तुम्हाला." ताई फायली चाळतच राहिल्या. आणि दुपारी चारला ओरडल्या, "सापडलं गं बाई!"

चौक मोहल्ल्यात चिकनचं भरतकाम करणाऱ्या एका आजीबाईंनी नातीकडून पत्र लिहून घेतलं होतं. निशातगंजला चक्कर आली, एका शिपायाने इस्पितळात पोचवलं, त्याचं भलं होवो. तारीख तीच, वेळ तीच, छातीवरचा बिल्ला नंबरसुद्धा. पण समितीकडे फक्त तक्रारी वाचायची पद्धत. कौतुकाचं पत्र आलं की "दाखल" लिहून फायलीत टाकायचं. तीन आठवडे तो पोरगा रडत होता, आणि त्याची साक्ष आमच्याच कपाटात! मला इतकी लाज वाटली.

सोमवारी वकीलसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "सज़ा पर कुछ नहीं लिखेंगी न?"

"एक शब्द नहीं। सज़ा उनकी, पर चिट्ठी तो नागरिक की है। वह हमारी।"

जवाब दोन ओळींचा गेला. शिक्षेबद्दल बोलण्याचा समितीला अधिकार नाही. नागरिकाच्या पत्राची खरी प्रत सोबत जोडली आहे.

गुरुवार गेला. निकाल आम्हाला कोण कळवणार? प्रकरण आमचं नव्हतंच. ठाण्यात विचारायलाही ताई तयार नव्हत्या, म्हणे नियमात बसत नाही. जेवण मात्र अर्ध्यावर आलं होतं त्यांचं.

दहा दिवसांनी आम्ही दोघी रिक्षाने बाजारात निघालो. चौकात जोरात शिट्टी वाजली आणि रिक्षासमोर हात आडवा आला.

"हाथ दिखा रहा हूँ, दिखता नहीं? पीछे लो!"

खाकी वर्दी, बिल्ला, आणि वर जयसिंगचा तापलेला चेहरा. ताईंना ओळखलं तसा तो गडबडला, पण हात काही खाली घेतला नाही.

रिक्षावाला कुरकुरला, "अरे, बहनजी बैठी हैं..."

"चुप! पीछे लो कहा न उन्होंने!" ताई त्याच्यावरच खेकसल्या. आणि पदर डोळ्यांना लावून भर चौकात हसत सुटल्या.