एका तोंडाचं नाटक

प्रेस शॉपमध्ये उभी हयात गेलेल्या माणसाशी बोलायचं, तर त्याच्या समोर उभं राहावं लागतं. पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या धडाक्यानं त्याचे कान केव्हाच गेलेले असतात. तो तुमच्या ओठांवरून बोलणं उचलतो. चिंचवडच्या विहाराच्या पायरीवर संध्याकाळी धोंडीबासोबत बसणारी सगळी मंडळी अशीच होती. एकदा कुणीतरी त्यांना मोठ्या थिएटरात नाटकाला नेलं. अंधारात दहा माणसं बोलत होती आणि यांना फक्त पुढच्या लोकांचे खांदे हलले की विनोद झाल्याचं कळत होतं. त्या दिवसापासून त्यांच्यातल्या मालोजीनं नाटकाचं नाव टाकलं.

धोंडीबानं मात्र त्यावर विचार केला. दहा माणसं म्हणजे दहा तोंडं, बघायचं कुणाकडे? एकपात्री असलं तर तोंड एकच. लातूरकडची करिष्मा नावाची मुलगी गावोगाव असले प्रयोग करते आणि रावेतच्या एका सोसायटीत येऊन गेली, हे सुनेकडून कळताच त्यानं सुनेलाच फोन लावायला सांगितला.

“येनार का न्हाई?” त्यानं मालोजीला विचारलं.

“कशाला? खांदे बघायला?”

“या टायमाला शब्द न् शब्द कळंल. एक जरी न्हाई कळला, तर परत तुला कुठं चल म्हननार न्हाई.”

“मग येतो. तेवढं तरी सुख मिळंल.”

गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीला, करिष्मा दुपारीच आली. विहाराच्या हॉलचे दिवे प्रयोगात चालूच राहतील, असं धोंडीबानं सांगितलं. ती जरा घुटमळली, पण कारण ऐकून हो म्हणाली. मग तिनं सगळं एकदा भराभर करून पाहिलं. एसटीतल्या बाई कंडक्टरची गोष्ट होती. शेवटाला ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली, आणि ओठ दिसेनात म्हणून धोंडीबा पुढे सरकला.

“पोरी, आता काय म्हनलीस?”

ती वळली. “नोकरीतली शेवटची फेरी संपलीय, काका. रिकाम्या गाडीला म्हणते, थांब आता, पुष्कळ पळालीस.”

“मग हिकडं तोंड करून म्हन की.”

“गाडी तिकडं आहे ना. पाठ फिरवली की ती बाई एकटी पडते. ते नाही बदलणार मी.”

धोंडीबाला राग आला नाही. आपल्या मशीनला दुसऱ्यानं हात लावलेला त्यालाही कधी खपला नव्हता. पण मालोजीला दिलेला शब्द नेमका शेवटच्या वाक्यावर अडकला होता.

त्याची बायको सरूबाई चहा घेऊन आली. दोन घोट घेऊन करिष्मानं विचारलं, “काका, मशीन चालू असताना तुम्ही एकमेकांशी बोलायचात कसं?”

“हातानं.” त्यानं तळहात आडवा धरून सावकाश खाली दाबला. “बंद कर.” मग एक बोट वर करून गोल फिरवलं. “चालू ठेव.”

करिष्मानं कप खाली ठेवला. “ते पहिलं परत दाखवा.”

संध्याकाळी हॉल भरला. पुढची रांग प्रेस शॉपवाल्यांची. मागून पोरांनी दिवे घालवा म्हणून कालवा केला, तेव्हा सरूबाई म्हणाली, “अंधार पायजे त्यानं डोळं मिटून घ्यावं.”

नाटक रंगलं. सुट्ट्या पैशांवरून प्रवाशाशी झालेल्या भांडणाला मालोजी इतका हसला, की त्याचे खांदे बघून मागच्या पोरींना हसू फुटलं.

मग करिष्मानं पाठ फिरवली. ओठ दिसेनासे झाले. मालोजीनं वळून धोंडीबाकडे पाहिलं. धोंडीबा हनुवटीनंच समोर बघ म्हणाला. तिकिटाच्या पिशवीवरचा करिष्माचा हात मागे आला, तळहात आडवा झाला आणि सावकाश खाली दबला.

मालोजीनं हात वर केला आणि एक बोट गोल फिरवलं. शेजारच्यानं फिरवलं, मग त्याच्या पलीकडच्यानं.

करिष्मा नमस्कार करायला वळली, तेव्हा टाळ्या मागून येत होत्या आणि समोर रांगभर बोटं फिरत होती. तिनं धोंडीबाकडे पाहिलं. तोही फिरवत होता. या खुणेचा अर्थ तिला दुपारीच कळला होता.